शॅम्पेन : आवडीपासून लघुउद्योगापर्यंत

एखाद्या वस्तूची मनापासून आवड असणे आणि त्याच वस्तूवर कुटुंबाचा चरितार्थ चालणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. हे अंतर केवळ उत्साहाने तोडता येत नाही. त्यासाठी भांडवल लागते, थांबण्याची तयारी लागते, मालाच्या नावाला कायद्याचे संरक्षण लागते आणि बहुतेक वेळा शेजाऱ्याचा हातही लागतो. ग्रामीण भागात नवा उद्योग सुरू करू इच्छिणाऱ्या तरुणांना मार्गदर्शन करताना ही गोष्ट नेहमीच अनुभवास येते. फ्रान्समधील शॅम्पेन प्रदेशाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या लेखाचा हेतू नाही. एका शेतीमालावर प्रक्रिया करून लहान शेतकऱ्याने स्वतःच्या नावाचा व्यवसाय कसा उभा केला, त्यात तो कोठे अडखळला आणि कोणत्या आधाराने सावरला, याचा अभ्यास एवढाच येथे अभिप्रेत आहे.

प्रदेश आणि त्याचे नाव

शॅम्पेन हे मुळात एका प्रदेशाचे नाव होय. पॅरिसच्या ईशान्येस सुमारे १३० किलोमीटरवर रँस हे शहर आहे. त्याच्या दक्षिणेस एपर्ने हे दुसरे प्रमुख केंद्र लागते. या परिसरातील मार्न, ओब, एन इत्यादी जिल्ह्यांतील सुमारे ३४,००० हेक्टर द्राक्षमळ्यांत पिकलेल्या द्राक्षांपासून, ठरवून दिलेल्या पद्धतीने तयार झालेल्या फेसाळ वाइनलाच शॅम्पेन म्हणता येते. जमीन खडूची, हवामान थंड आणि पीक कोठे साधेल, कोठे फसेल याचा नेम नाही. पिनो न्वार, मनिए आणि शार्दोने या येथील तीन मुख्य द्राक्षजाती होत.

या प्रदेशाची जमीनधारणा महाराष्ट्रातील वाचकाला परिचित वाटेल अशीच आहे. सुमारे ३४,००० हेक्टरांचे दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास तुकडे पडलेले आहेत. म्हणजे एक तुकडा सरासरी बारा-तेरा गुंठ्यांचा भरतो. सुमारे सोळा हजार बागायतदार कुटुंबे हे तुकडे कसतात. एकूण मळ्यांपैकी जवळजवळ ९० टक्के क्षेत्र या बागायतदारांकडे आहे. परंतु बाजारात जाणाऱ्या बाटल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक बाटल्या मोठ्या व्यापारी पेढ्यांच्या नावाने विकल्या जातात. जमीन एकाची आणि नाव दुसऱ्याचे, ही या व्यवसायाची मूळ रचना आहे. लहान उद्योजकाची सारी धडपड या रचनेच्या आत चालते.

एका बाटलीमागील काळ

व्यवसायाचे अर्थकारण समजण्यासाठी निर्मितीची पद्धत थोडक्यात पाहणे अवश्य आहे. द्राक्षे हातानेच तोडावीत असा नियम आहे. ४,००० किलो द्राक्षांमधून जास्तीत जास्त २,५५० लिटर रस काढता येतो. पाऊण लिटरच्या बाटलीचा हिशेब केला, तर ३,४०० बाटल्या होतात. म्हणजे एका बाटलीला सुमारे १.२ किलो द्राक्षे लागतात. रसाचे पहिले किण्वन झाल्यावर निरनिराळ्या मळ्यांची आणि अनेकदा निरनिराळ्या वर्षांची वाइन चव पाहून एकत्र केली जाते. ज्या वर्षी हवामान प्रतिकूल असते, त्या वर्षीच्या उण्या मालाला मागील चांगल्या वर्षाच्या राखीव साठ्याने सावरून घेतले जाते.

यानंतर वाइनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून ती बाटलीत भरतात व झाकण लावतात. बंद बाटलीत दुसरे किण्वन होते. त्यातून निर्माण होणारा वायू बाहेर जाऊ शकत नाही आणि तो वाइनमध्येच विरघळतो. आतील दाब पाच ते सहा वातावरणांपर्यंत, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटीहून अधिक होतो. बाटल्या थंड तळघरांत आडव्या रचून ठेवल्या जातात. नियमानुसार साध्या शॅम्पेनला बाटलीत भरल्यापासून किमान पंधरा महिने आणि एकाच वर्षाच्या द्राक्षांपासून केलेल्या शॅम्पेनला किमान तीन वर्षे तळघरात ठेवावे लागते. अखेरीस बाटल्या हळूहळू फिरवीत उलट्या करून यीस्टचा साका तोंडाशी आणतात. तो बाहेर काढून बूच बसवतात.

साका काढण्याची ही युक्ती रँस येथील मादाम क्लिको यांच्या पेढीत १८१६ च्या सुमारास विकसित झाली, असे मानले जाते. बार्ब-निकोल क्लिको यांना १८०५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वैधव्य आले. सासऱ्यांनी सुरू केलेला व्यवसाय त्यांनी स्वतः चालविण्याचे ठरविले. युरोपातील युद्धांमुळे बाजारपेठा बंद होत्या. तरीही त्यांनी माल राखून ठेवला आणि १८१४ मध्ये संधी मिळताच तो रशियास रवाना केला. पुढे त्यांच्या पेढीचे नाव जगभर झाले. मालाचे ज्ञान त्यांच्यापाशी होतेच. तो माल योग्य वेळेपर्यंत सांभाळण्याची ऐपत आणि धीरही त्यांच्यापाशी होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

१९११ चा उठाव

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शॅम्पेनच्या बागायतदारांवर एकामागून एक संकटे आली. फायलोक्झेरा या मुळांवरील किडीने मळे वाळू लागले. अनेक हंगाम वाया गेले. त्यातच काही व्यापारी प्रदेशाबाहेरील स्वस्त द्राक्षे आणि वाइन आणून ती शॅम्पेन म्हणून विकत होते. त्यामुळे स्थानिक द्राक्षांचा भाव पडत असे. १९०८ मध्ये शासनाने प्रदेशाची हद्द ठरविली. मात्र तिची अंमलबजावणी ढिली होती. १९१० चे पीक पाऊस आणि रोगराई यांमुळे जवळजवळ संपूर्ण बुडाले. जानेवारी १९११ मध्ये मार्न खोऱ्यातील संतप्त बागायतदारांनी बाहेरून आलेली वाइन नदीत ओतून दिली. एप्रिलमध्ये आई या गावी पेढ्यांच्या इमारती पेटविण्यात आल्या आणि सैन्य आणावे लागले. दुसरीकडे, हद्दीतून वगळलेल्या ओब जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी आपल्यालाही हे नाव मिळावे म्हणून आंदोलन केले. त्यांना पूर्ण हक्क मिळण्यास १९२७ उजाडले.

या संघर्षातून एक गोष्ट सर्वांना उमजली. नावाची चोरी होत राहिली, तर मळ्यात कितीही कष्ट केले तरी त्यांचे मोल येत नाही. १९३६ मध्ये शॅम्पेनला नियंत्रित उत्पत्तिस्थानाचा कायदेशीर दर्जा मिळाला. १९४१ मध्ये बागायतदार आणि व्यापारी यांची संयुक्त समिती स्थापन झाली. दर हेक्टरी किती उत्पादन विक्रीस घ्यावयाचे, हे दरवर्षी या व्यवस्थेत ठरते. २०२० मध्ये महामारीमुळे मागणी घटली, तेव्हा ही मर्यादा ८,००० किलोपर्यंत खाली आणण्यात आली. भाव कोसळू नये म्हणून सर्वांनीच उत्पन्न कमी घ्यावयाचे, ही शिस्त या प्रदेशाने मोठी किंमत मोजून अंगी बाणविली आहे.

स्वतःच्या नावाची बाटली

१९३० नंतरच्या जागतिक मंदीत पेढ्यांनी द्राक्षे घेणे कमी केले व भाव गडगडले. न विकलेल्या द्राक्षांचे करावयाचे काय, असा प्रश्न पडलेल्या काही बागायतदारांनी स्वतःच शॅम्पेन तयार करून स्वतःच्या नावाने विकण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धानंतर ही प्रथा वाढली. पॅरिस, बेल्जियम आदी भागांतून मोटारीने येणारा ग्राहक बागायतदाराच्या अंगणात उतरे, तळघर पाही, मालाची चव घेई आणि वर्षाच्या गरजेच्या पेट्या घेऊन जाई. जाहिरातीचा खर्च नाही आणि मधला दलाल नाही, असा हा व्यापार होता.

निर्माता कोणत्या प्रकारचा आहे, हे आज प्रत्येक बाटलीवरील दोन अक्षरांवरून ओळखता येते. आर. एम. ही अक्षरे असल्यास बागायतदाराने प्रामुख्याने स्वतःच्या द्राक्षांपासून स्वतः माल तयार केला आहे, असे समजावे. एन. एम. असल्यास निर्माता द्राक्षे विकत घेऊ शकतो. सी. एम. म्हणजे सहकारी संस्था. आर. सी. म्हणजे बागायतदाराने द्राक्षे सहकारी संस्थेस देऊन तयार बाटल्या परत घेतल्या व आपल्या नावाने विकल्या. एम. ए. म्हणजे दुसऱ्याने तयार केलेल्या मालावर खरेदीदाराने आपले नाव लावले. लहान उद्योजकाला उपलब्ध असलेल्या मार्गांची ही जणू यादीच आहे.

एका हेक्टरचा हिशेब

एक हेक्टर मळा असलेल्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. २०२४ मध्ये विक्रीयोग्य उत्पादनाची मर्यादा हेक्टरी १०,००० किलो होती. अलीकडे द्राक्षांना किलोला सहा-सात युरोंच्या आसपास भाव मिळतो. पेढीला सर्व द्राक्षे घातल्यास साठ ते सत्तर हजार युरो हप्त्याहप्त्याने हाती येतात. त्यातून मळ्याचा खर्च वजा जातो, पण जोखीम तेथेच संपते.

हीच द्राक्षे स्वतः दाबून बाटलीत भरल्यास सुमारे ८,५०० बाटल्या होतात. एकेका बाटलीची किंमत तिला लागणाऱ्या द्राक्षांच्या किमतीपेक्षा बरीच अधिक असते. त्यामुळे नवख्याला हा व्यवहार सोपा भासतो. परंतु बाटली साधारणतः दोन-तीन वर्षे तळघरात ठेवल्यानंतरच विकली जाते. दरवर्षी ८,५०० बाटल्या विकावयाच्या आणि माल तीन वर्षे ठेवावयाचा, तर तळघरात कायम २५,००० हून अधिक बाटल्या पडून राहतात. त्यांची द्राक्षे, काच, साखर, बूच, मजुरी आणि जागा यांवर खर्च झालेला पैसा परत येत नाही, तोवर त्यावर व्याज चढते. शिवाय ग्राहक शोधणे, हिशेब ठेवणे, करभरणा करणे आणि माल पाठविणे ही कामे अंगावर पडतात. संपूर्ण शॅम्पेन प्रदेशाच्या तळघरांत मिळून शंभर कोटींहून अधिक बाटल्या वाट पाहत असतात. त्यावरून या प्रतीक्षेचे प्रमाण ध्यानात येईल.

बाजारही नेहमी अनुकूल नसतो. २०२२ मध्ये सुमारे ३२ कोटी ५० लाख बाटल्या विकल्या गेल्या होत्या. २०२४ मध्ये ही संख्या २७ कोटी १० लाखांवर आली. मोठी पेढी अशी घट सोसू शकते. दोन हेक्टरांचा बागायतदार मात्र ती सहज सोसू शकत नाही. यामुळेच अनेक कुटुंबे आपली काही द्राक्षे पेढीला देतात, काही सहकारी संस्थेस देतात आणि उरलेल्यांची स्वतःच्या नावाची बाटली करतात. पहिल्या दोन भागांतून घर चालते, तर तिसऱ्यातून नाव होते.

दोन उदाहरणे

आव्हीझ गावचे आन्सेल्म सेलोस यांचे शिक्षण बर्गंडीतील बोन येथे झाले. मळ्याच्या मातीची ओळख वाइनमध्ये उतरली पाहिजे, हा विचार त्यांनी तेथून आणला आणि १९७० आणि १९८० च्या दशकांत वडिलांच्या लहानशा व्यवसायात तो रुजविला. उत्पन्न कमी ठेवून, जमिनीची निगा राखून आणि लाकडी पिंपांत किण्वन करून त्यांनी मोजक्याच बाटल्या तयार केल्या. आरंभी शेजाऱ्यांना हा हट्ट वाटला. पुढे जगभरच्या जाणकारांनी त्यांची वाइन उचलून धरली आणि लहान बागायतदाराच्या बाटलीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. आवडीला अभ्यासाची जोड मिळाली, म्हणजे लहान आकार हेच बळ ठरू शकते, हे या उदाहरणावरून दिसते.

दुसरे उदाहरण निकोला फोयात यांचे. अमेरिकेत कॉफीच्या व्यापारात पैसा मिळविलेल्या या गृहस्थांना बुलझ येथील बारा हेक्टरांचा मळा वारशाने लाभला. १९७६ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची शॅम्पेन काढली. तिचे पहिले ग्राहक बहुतांशी त्यांचे मित्रच होते. नाव लोकप्रिय झाले, पण वाढत्या मागणीला पुरेल एवढी द्राक्षे व तळघरे एका व्यक्तीपाशी नव्हती. त्याच सुमारास शुयी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी केंद्रापाशी द्राक्षे आणि यंत्रे होती, पण बाजारात चालणारे नाव नव्हते. १९८६ मध्ये केंद्राने हे नाव विकत घेतले. आज हजारो बागायतदारांची द्राक्षे त्या नावाखाली विकली जातात. एका व्यक्तीची आवड आणि सहकाराची ताकद यांचा हा मेळ विशेष बोधप्रद आहे.

जमीन नसलेल्याचा मार्ग

शॅम्पेनमधील मळ्याचा भाव हेक्टरी दहा लाख युरोंच्या वर गेला आहे. त्यामुळे केवळ आवडीवर जमीन घेण्याचा विचार करणे व्यवहार्य नाही. अशा व्यक्तीसमोर तीन वाटा राहतात. द्राक्षे विकत घेऊन थोडा माल तयार करणे, ही पहिली. तिला परवाना आणि भांडवल दोन्ही लागतात. तयार माल घेऊन त्यावर आपले नाव लावणे, ही दुसरी. तिच्यात भांडवल कमी लागते, पण मालावरील ताबाही कमी राहतो. तिसरी वाट म्हणजे लहान बागायतदारांचा माल निवडून दूरच्या ग्राहकांपर्यंत पोहोचविणे, किंवा येणाऱ्या पाहुण्यांना मळे व तळघरे दाखविणे. २०१५ मध्ये येथील टेकड्या, पेढ्या आणि तळघरे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली, तेव्हापासून या शेवटच्या व्यवसायाला अधिक वाव मिळाला आहे. यंत्रसामग्रीही प्रत्येकाने विकत घ्यावी असे नाही. बाटल्या फिरविणे, साका काढणे व बूच बसविणे ही कामे मोबदला घेऊन करून देणारे व्यावसायिक तेथे आहेत.

तोडणी करणारे हात

या यशाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. हाताने तोडणी करण्याच्या नियमामुळे दरवर्षी सुमारे एक लाख हंगामी मजूर या प्रदेशात येतात. २०२३ च्या कडक उन्हाच्या हंगामात काही मजुरांचा मृत्यू झाला. त्याच हंगामात परदेशी मजुरांना अत्यंत हलाखीच्या जागेत ठेवून राबविल्याचे प्रकरण उघडकीस आले व २०२५ मध्ये न्यायालयाने त्यातील दोषींना शिक्षा सुनावली. मालाचे नाव जितके मोठे, तितकी त्यामागील श्रमिकांविषयीची जबाबदारीही मोठी असते. ऊसतोडणी कामगारांचे प्रश्न जवळून पाहिलेल्या वाचकांना याविषयी अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

महाराष्ट्राशी संबंध

शॅम्पेनचा आणि महाराष्ट्राचा प्रत्यक्ष संबंध १९८० नंतरच्या दशकात आला. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तांत्रिक साहाय्याने फेसाळ वाइन तयार होऊ लागली आणि ती परदेशीही गेली. पुढे २००० नंतरच्या दशकाअखेरीस कर्जाच्या ओझ्याखाली हा उद्योग अडचणीत आला. दरम्यान २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि नाशिक परिसरात अनेक वाइन उद्योग सुरू झाले. आज तेथेही बाटलीतील दुसऱ्या किण्वनाच्या पद्धतीने फेसाळ वाइन तयार होते. तिला शॅम्पेन म्हणता येत नाही, कारण ते नाव भारतातही भौगोलिक मानांकन म्हणून नोंदलेले आहे. त्याच कायद्याखाली 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाचीही नोंदणी झाली आहे. जो कायदा आपल्याला दुसऱ्याचे नाव घेण्यास मनाई करतो, तोच आपल्या नावाचेही रक्षण करतो.

२००८-०९ च्या मंदीनंतर वाइनच्या द्राक्षांना उठाव राहिला नाही आणि नाशिक भागातील अनेक शेतकऱ्यांना उभ्या बागा तोडाव्या लागल्या. वाइनची द्राक्षे खाण्याच्या द्राक्षांप्रमाणे बाजारात नेऊन विकता येत नाहीत. एकाच खरेदीदारावर विसंबलेल्या शॅम्पेनच्या बागायतदाराला १९३० नंतर जो अनुभव आला, त्याचीच ही पुनरावृत्ती होती. मात्र संघटनेचा धडा महाराष्ट्राला नवा नाही. खाण्याच्या द्राक्षांच्या निर्यातीसाठी १९९१ मध्ये बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' ही संस्था उभी केली, हे या संदर्भात स्मरणीय आहे.

विचारार्थ

आवडीतून उद्योग करू पाहणाऱ्या तरुणाने पंचायतीकडे, शिक्षकाकडे अथवा अधिकाऱ्याकडे सल्ला मागितला, तर शॅम्पेनच्या अनुभवावरून त्याला चार प्रश्न विचारता येतील. माल तयार होऊन पैसा हाती येईपर्यंत घर कशावर चालणार? एका खरेदीदाराने पाठ फिरविल्यास दुसरा कोण? मालाच्या नावाचे रक्षण कोण आणि कसे करणार? यंत्रे, जागा वा बाजारपेठ यांपैकी कोणती गोष्ट शेजाऱ्यांसह मिळून उभारता येईल? हे प्रश्न हळद, गूळ, काजू किंवा आंबा यांवरील प्रक्रिया उद्योगालाही तितकेच लागू पडतात.

या चारही प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याच्या उत्साहाला अवश्य पाठबळ द्यावे. ज्याच्यापाशी ती नाहीत, त्यालाही निराश करू नये. आधी थोडा माल करावा, उरलेला रोखीने विकावा आणि तळघरातील पहिली बाटली तयार होईपर्यंत मूळ व्यवसाय सोडू नये, एवढा सल्ला त्याला द्यावा. शॅम्पेनमधील कित्येक बागायतदार कुटुंबे याच रीतीने आजवर टिकून राहिली आहेत.